कोपऱ्यातली उलटी ट्यूब

सुरुवातीलाच सांगते — असल्या गोष्टींवर माझा कधी विश्वास नव्हता, आजही नाही. त्यामुळे कमेंटमध्ये कुणी नारळ-लिंबू सुचवू नका.

कोल्हापुरात शाहूपुरीतल्या एका लॅबमध्ये मी अठरा वर्षं टेक्निशियन आहे. मला हे काम शिकवलं माने काकांनी. नमुना खराब वाटला की काका ती ट्यूब रॅकच्या कोपऱ्यात उलटी ठेवायचे, बूच खाली करून. दुसरं कुणीच असं करत नाही. मला तर ती सवय डोक्यात जायची. काका जाऊन दोन वर्षं झाली.

गेल्या श्रावणात, भर दुपारी... पेठ वडगावच्या कलेक्शन सेंटरवरून एका बाईंचा नमुना आला. हृदयात कृत्रिम झडप, रक्त पातळ ठेवायची गोळी चालू. रक्त गोठायला किती वेळ लागतो ते बघून या गोळीचा डोस ठरतो, त्याचा आकडा म्हणजे आयएनआर. बाईंचा अडीच-तीन असायला हवा, आला सहाच्या वर. दुसऱ्यांदा लावला, तरी तेवढाच. या तपासणीची निळ्या बुचाची ट्यूब ठरलेल्या रेघेपर्यंत नीट भरलेली, त्यामुळे नाकारायला कारणच नव्हतं. त्यांच्या डॉक्टरांना फोन केला. म्हणाले, रिपोर्ट पाठवा, गोळी आजच बंद करतो.

कॉम्प्युटरकडे वळता वळता सहज रॅककडे बघितलं, तर ती ट्यूब कोपऱ्यात उलटी. खोलीत मी एकटी. चिडून सरळ केली, तिच्या जागी ठेवली. रिपोर्ट उघडला, मान वळवली... पुन्हा कोपऱ्यात, पुन्हा उलटी. रागच आला, खोटं कशाला सांगू.

"काका, नाकारायचा तर कारण सांगा," मी मोठ्यानं म्हणाले.

मग मीच वडगावला फोन लावला. तिथं रक्त काढणारे सावंत जुने, अनुभवी माणूस.

"शीर गावत नव्हती मॅडम. रेघेला कमी पडलं, मग जांभळ्या ट्यूबमधलं जरा वतलं की. रक्त तिचंच हाय न्हवं?"

रक्त तिचंच होतं. पण जांभळी ट्यूब दुसऱ्या तपासणीची, तिच्यात वेगळं औषध असतं, ते यात मिसळलं की निकाल चुकतो. ताजा नमुना मागवला. आकडा आला दोन पॉइंट सात. पहिल्या रिपोर्टवर गोळी बंद झाली असती आणि झडपेवर गुठळी धरली असती तर... पुढचं मला लिहवत नाही.

लॅबचे मालक, आमचे सर, म्हणतात, "गडबडीत तूच ठेवली असशील." दोनदा? मशीनमध्ये फिरवून वेगळं केलेलं रक्त काकांशिवाय कुठलाच टेक्निशियन उलटं करत नाही, सगळं परत मिसळतं. लॅबमधल्या बाकीच्या म्हणतात, काकांच्या फोटोला हार घाल. तोही मी घातला नाही. काय झालं ते मला माहीत नाही, एवढंच खरं.

नाकारलेल्या नमुन्यांचं एक रजिस्टर असतं आमच्याकडे. त्यात कारण मी लिहिलं. शेवटचा रकाना असतो नाकारणाऱ्याच्या सहीचा. सर तीनदा म्हणाले, करून टाक. नाही केली. मी तर तो रिपोर्ट पाठवायला निघाले होते. ज्यानं नाकारला त्यानं सही करावी. रकाना अजून कोरा आहे.