साबण न लावता

जुन्या बाजारातून आणलेली माशांची टाकी गच्चीत धुवायला घेतली. काचेवर आधीच्या पाण्याची पांढरी रेघ होती. व्हिनेगरमध्ये भिजवलेलं फडकं तिच्यावर ठेवलं की क्षार हळूहळू सुटतात. मग मिठाने घासायचं, साध्या पाण्याने पुन्हा पुन्हा धुवायचं आणि उन्हात वाळवायचं. साबण मात्र लावायचा नाही. तो काचेच्या सांध्यांत मुरून राहतो आणि टाकी भरली की गुपचूप पाण्यात उतरतो. वरून काच लखलखीतच दिसते.

गप्प माणसाच्या घरातही असंच होत असावं. कुठे काही डाग दिसत नाही, आणि पाण्यात काहीतरी उतरत राहतं.

"अहो, साबण लावा की! किती कळकट आहे ती," बायको म्हणाली.

"साबणाने मासे मरतात." मग फडकं पिळत म्हणालो, "आपले मागचे त्यानेच मेले. दिवाळीच्या साफसफाईत मीच टाकी साबणाने धुतली होती."

आपण जास्त खाणं घातलं म्हणून ते मेले, असं ती इतकी वर्षं मानत आली होती. मी तिला तसं मानू दिलं होतं.

"आणि मी मेली चिमण्यांना दाणे टाकतानासुद्धा हात आखडत होते," ती म्हणाली.

तिने माझ्या हातातलं फडकं ओढून घेतलं, नाकाशी धरून वास घेतला, आणि स्वतःच घासायला बसली.