बेडशाचं खळं

अंतूभाऊ गेल्याचं कार्ड लोणावळ्याहून आलं तेव्हा मी शाळेत भूमितीच्या वह्या तपासत होतो. चारच ओळी. शेवटी त्यांच्या मुलानं विचारलं होतं, ‘दिवाळीच्या शिबिराचं काय करायचं?’ मी उलट टपाली कळवून टाकलं, यंदा शिबिर नाही. भाऊंशिवाय तीस मुलं घेऊन डोंगरात जायची माझी छाती नव्हती, आणि हे कबूल करायला मला लाज वाटत नाही.

भाऊ रेल्वेत गार्ड होते. निवृत्त झाल्यावर लोक देवदेव करतात, यांनी पोरं गोळा केली. दर दिवाळीच्या सुट्टीत पुण्या-लोणावळ्याची मुलं मावळात न्यायची, त्यांना डोंगर चढायला, चूल पेटवायला आणि मुख्य म्हणजे आईला हाक न मारता आठ दिवस राहायला शिकवायचं. आम्ही चार-पाच मास्तर हौसेनं मदतीला जायचो. भाऊंची शिट्टी झाली की निघायचं. “गाडी कुणासाठी थांबत नाही!” असं गरजून ते पुढे चालू लागत, आणि मागे राहिलेला पोरगा धापा टाकत वळणावर पोचला की भाऊ तिथे दगडावर बसलेले सापडत...

पहिल्या वर्षी कामशेतला उतरून आम्ही बेडशाला गेलो. भाऊ पाटलांना भेटायला गावात गेले आणि तंबूंची जागा शोधायचं काम मला दिलं. मी नुकताच बी. ए. झालो होतो, म्हणजे मला सगळंच कळत होतं. भातखाचरांच्या कडेला एक जागा दिसली. गोल, सपाट, औषधाला खडा नाही. “पाहा, निसर्गानं आपल्यासाठी अंगण करून ठेवलंय!” मी मुलांना म्हणालो. निसर्ग शेणानं सारवत नाही, हे आम्हाला बी. ए.ला नव्हतं. अर्ध्या तासात चार तंबू उभे राहिले, खुंट्या वीतवीतभर आत. तेवढ्यात शेताचा मालक धोंडिबा धावत आला. भात कापून पडलेलं होतं आणि झोडणीसाठी त्यानं चार दिवस खपून ते खळं केलं होतं.

“आरं, खळ्यात खुंट्या?” तो ओरडला. “तुमच्या घरी कुनी देव्हाऱ्यात कुदळ घालतं का? उचला समदं आन् टेसनाची वाट धरा!”

मी मातीत जिरून गेलो असतो तर बरं झालं असतं. भाऊ आले, त्यांनी एकदा खळ्याकडे पाहिलं. “चूक आमची झाली, आबा,” ते म्हणाले. आमची! माझ्याकडे नजरसुद्धा वळवली नाही. “झोडणी कधी?”

“परवा.”

“उद्या दिवस मावळायच्या आत खळं करून देतो. नाही जमलं तर आम्ही निघालो, पुन्हा या खोऱ्यात शिबिराचं नाव काढणार नाही.”

पहिलंच शिबिर भाऊंनी पणाला लावलं होतं, तेही माझ्या शहाणपणापायी. मग काय, वकिलांची आणि डॉक्टरांची मुलं कोपरापर्यंत शेणात! माती खणली, भिजवली, लाकडी चोपण्यांनी बडवली. भाऊ शिट्टी वाजवायचे आणि साऱ्यांचे हात एकदम खाली यायचे. एकानं नाक धरायला म्हणून शेणाचाच हात वर नेला, तेव्हा धोंडिबाची कारभारीण हसता हसता बांधावर बसली. माझ्या तळहातांना फोड आले आणि इतका आनंद मला बी. ए.च्या निकालानंही झाला नव्हता. संध्याकाळी धोंडिबा अनवाणी फिरला, टाच दाबून दाबून. “हितं जरा पोकळ हाय.” पुन्हा बडवलं. पुन्हा फिरला. अखेर म्हणाला, “ऱ्हावा.” पोरांनी केलेला कल्ला कामशेतला ऐकू गेला असेल.

मला मात्र त्या खुंट्यांची लाज सोडेना; मी भाऊंना म्हणालो, उद्या मी परत जातो. ते हसले. “मुलं शिकली, मास्तर. तुम्ही अजून सहा दिवस थांबा, तुम्हालाही जमेल.” थांबलो... ते आजवर. पुढच्या वर्षापासून धोंडिबानं खळं करायचंच सोडलं. “पोरं येऊ द्या की,” म्हणायचा. पावसानं खळं दरवर्षी मोडतं, त्यामुळे आमचे पहिले दोन दिवस ठरलेलेच असत.

धोंडिबाला कार्ड धाडून भागलं नसतं, म्हणून गेल्या आठवड्यात बेडशाला गेलो. भाऊ गेल्याचं ऐकून तो ओट्यावरच बसला. “लय भला मानूस,” एवढंच म्हणून बराच वेळ डोळे पुसत राहिला. शिबिराचं सांगायला मी तोंड उघडणार, तोच तो उठला आणि मला शेताकडे घेऊन गेला. खळ्याची जागा खणून, पाणी मारून ठेवलेली होती. कडेला शेणाचा ढीग.

“माती तयार हाय,” तो म्हणाला. “औंदा किती पोरं?”

“तीस,” मी म्हणालो, आणि चपला काढून त्या ओल्या मातीत उतरलो.