वसंतकाकांची सुटी अक्षरं

शेजारचे वसंतकाका घरातही स्टँडवर असल्यासारखेच बोलत. कोपरगावच्या एसटी स्टँडवर गाड्या पुकारण्यात त्यांची सगळी नोकरी गेली. "शिर्डी, राहाता, राहुरी, नगर! बसून घ्या, पळू नका!" हातात कधी कागद नसे. निवृत्तीनंतर काकू दळण घेऊन निघाल्या की ओट्यावरून तोच आवाज गल्लीभर जायचा, "कमलबाई, पळू नका!"

मागच्या वर्षी त्यांना पक्षाघाताचा झटका आला. हातपाय सावरले, बोलणं मात्र विस्कटलं. तहान कळायची, समोरचा तांब्या कळायचा. तोंडातून "नापी" निघायचं. चुकलं हे त्यांचं त्यांनाच समजे. मान हलवून पुन्हा सुरू करत, "पा... ना... पापी..." कपाळावर घाम यायचा. संगमनेरला बोलण्याचे उपचार करणाऱ्या बाईंनी समजावलं, "शब्द त्यांच्याकडं आहे. त्याचे आवाज क्रमानं लागत नाहीत. वेळ द्या."

काकूंनी वेळ दिला. रोज सकाळी वाटी, चमचा, मीठ पुढ्यात मांडून त्या समोर बसायच्या. त्यांच्या स्वतःच्या नावाचं कधी 'कलम' व्हायचं, कधी 'मकल'. एकदा काकांनी चिडून स्वतःच्याच तोंडात मारून घेतली. काकूंनी त्यांचा हात धरून ठेवला. "मी हाय ना हितंच. काय बी म्हना, मी ओ देते. कुठं गाडी चुकतीय आपली?"

या थंडीत एका सकाळी काका अनवाणी आमच्या दारात आले. तोंड उघडत होते, आवाज फुटत नव्हता. माझं मनगट धरून त्यांनी मला ओढतच नेलं. काकू मोरीपाशी पडल्या होत्या. डॉक्टर आले तेव्हा करण्यासारखं काही उरलं नव्हतं.

पुण्याला त्यांच्या मुलाला, संदीपला, मी स्पीकरवर फोन लावला. काकांनी मोबाईल स्वतःकडे घेतला.

"काका, मी सांगते."

त्यांनी हातानं मला थांबवलं. पलीकडून संदीप "हॅलो, हॅलो" करत होता. काकांनी डोळे मिटले. ओठ नुसतेच हलले, थांबले. मग एकही अक्षर न चुकता ते म्हणाले, "आई गेली."

संदीप आनंदानं ओरडलाच. "बाबा! अहो, किती स्पष्ट बोललात! कुठं गेलीय आई? आली की तिलाही असंच बोलून दाखवा!"

काकांनी पुन्हा तोंड उघडलं. आता काहीच जुळेना. त्यांनी मोबाईल माझ्या हातात ठेवला आणि भिंतीकडे तोंड फिरवलं.