नवरीचं नाव

परवा नातीच्या लग्नाच्या पत्रिका छापून आल्या. गठ्ठा सोडला आणि शाईचा वास नाकात गेला. नावांची अक्षरं वेलीसारखी वळणदार, कोणी बोरूनं हातानं लिहिल्यागत. माझी वेणू जाऊन आठ महिने झाले. मला एकदम आमची पत्रिका दिसली.

तेव्हा जबलपूर सी. पी. अँड बेरार प्रांतात होतं. मी चौथी नापास, पण दीक्षितपुऱ्यातल्या छापखान्यात अक्षरांचे शिशाचे खिळे जुळवायचो. असले वळणदार खिळे मालकाकडे मोजकेच होते, त्यांत कसंबसं एक नाव बसे. मी नवरीचं बसवलं. माझं खाली, साध्या बारीक टायपात.

वडील भडकले. "नवरा तू का ती? लोकांत काहून हसं करून राहिला? मी नाही वाटत या पत्रिका!"

"नका वाटू," मी म्हटलं. पण तिलाही हे हसण्यासारखं वाटलं तर सगळ्या पत्रिका बंबात घालायच्या, असं ठरवून एक तिच्या घरी धाडली.

दुसऱ्या दिवशी तिचा थोरला भाऊ हसतच आला. "जावईबापू, वेणू म्हणते, माझं नाव तर कोणीही वाचेल. त्यांचं बारीक होतं, ते मी खिडकीत नेऊन वाचलं. तीनदा!"

वडिलांनी ते ऐकलं, जोडे घातले, गठ्ठा काखेत मारला. "चलो, वाटून येतो. घरात कोणाचं चालणार, हे तर छापूनच आलं."

बावन्न वर्षं तिचंच चाललं. आता माझं चालतं, आणि त्यात काही मजा नाही.