शांततावाला

शांतता जमवणारा माणूस मी उभ्या जन्मात एकच पाहिला, आणि दुसरा कुठे असेल असं मला वाटतही नाही. लोक पोस्टाची तिकिटं जमवतात, नाणी जमवतात, माझे एक मामा तर लग्नपत्रिका जमवायचे. पण अमेरिकेत अल्फारेटाला आमच्या वरच्या मजल्यावर राहणारा तो सहा फुटी हैतीयन गृहस्थ घरोघरची शांतता कॅसेटवर भरून घ्यायचा आणि बुटांच्या खोक्यांत ठेवायचा. प्रत्येक कॅसेटवर चिठ्ठी: ‘शांतता, न्हाव्याचं दुकान.’ ‘शांतता, चर्चचं तळघर, पाऊस थांबल्यावर.’ तो डॉक्युमेंटरी फिल्म्सचा प्रोड्यूसर होता. प्रोड्यूसर म्हटल्यावर माझ्या डोळ्यांसमोर पांढरे बूट आणि मोठी गाडी आली होती. याच्याकडे होती एक खडखडणारी व्हॅन आणि गळ्यात जानव्यासारखा कायमचा हेडफोन. “मादाम,” तो मला म्हणाला होता, “प्रोड्यूसर म्हणजे फिल्म संपल्यावर खुर्च्या आवरतो तो माणूस.” आणि खरंच, त्याच्या फिल्म्स लायब्ररीच्या हॉलमध्ये नाहीतर चर्चच्या तळघरात लागायच्या, आणि खुर्च्या तोच आवरायचा.

आमची ओळख झाली ती कुकरमुळे. २००१ चा उन्हाळा होता. लग्न होऊन अमेरिकेत येऊन मला जेमतेम दोन महिने झाले होते. नवऱ्याच्या व्हिसावर आलेली, त्यामुळे कामाला बंदी, आणि दिवस तर खायला उठायचा. वरणाच्या तीन शिट्या झाल्या आणि दारावर थाप पडली. झालं, म्हटलं, आली कंप्लेंट! दार उघडलं तर हा हातात माइक घेऊन उभा. अतिशय अदबीनं म्हणाला, “मादाम, ते पुन्हा कराल का?” मी पुन्हा कुकर लावला. शिटी झाली, तरी गड्याचा माइक खाली येईना. डोळे मिटून पूर्ण मिनिटभर तो तसाच उभा. मग पुटपुटला, “मिळाली.” त्याला शिटी नको होतीच, तिच्यानंतरची शांतता हवी होती!

नंतर त्यानं मला समजावलं. शूटिंग झालं की त्या खोलीची मिनिटभर नुसती शांतता रेकॉर्ड करायची असते. एडिटिंग करताना दोन वाक्यांमध्ये भोकं पडतात, तिथे ती लावायची. हे सगळेच फिल्मवाले करतात म्हणे. पण बाकीचे काम म्हणून करतात, हा भक्तीनं करायचा. तरुणपणी हैतीच्या राजधानीत, पोर्ट-ओ-प्रिन्सच्या रेडिओवर नोकरीला होता, तेव्हापासूनचं हे वेड. “रिकामी खोली कधी गप्प नसते, मादाम. आपण गप्प बसत नाही म्हणून कळत नाही.” मला वेळच वेळ होता. मी त्याची बिनपगारी माइकवाली झाले. लांब काठीला माइक बांधून मी कांद्याच्या शेतांत उभी राहिले, टॅक्सींच्या मागच्या सीटवर आडवी झाले. आजही डोळे मिटले की ती लांबच लांब दुपार आठवते, पाइनच्या झाडांखाली उभी असलेली व्हॅन, आणि आम्ही दोघं काहीही न बोलता काहीतरी ऐकत असलेले.

एकदाच मी घोडचूक केली. आमच्या मराठी मंडळाच्या गणपतीचं शूटिंग करायला त्याला बोलावलं. आरती झाली आणि यानं हात वर करून दोनशे मराठी माणसांकडे एक मिनिट शांतता मागितली. बाराव्या सेकंदाला मागून आवाज आला, “प्रसाद सुरू झाला का?” दुसऱ्या खेपेला एका काकांनी शेजारच्यांना “श्शू!” केलं, मग शेजारच्यांनी काकांना केलं. सात वेळा प्रयत्न झाला. शेवटी त्यानं हेडफोन उतरवला आणि फार आदरानं म्हणाला, “तुमच्या देवाला एवढे मोठे कान का आहेत, हे आज कळलं.” ती एकच खोली त्याच्या खोक्यात नाही.

हे सगळं हसण्यावारी नेता आलं असतं, पण त्याच्या जिवाला एक घोर होता. त्याची आई. तो लहान असताना ती एकटी मायामीला निघून गेली, हॉटेलच्या खोल्या साफ करायला. हा मावशीकडे वाढला. अकरा वर्षं मायलेकरांची गाठ नाही. त्या अकरा वर्षांत तिनं काय केलं, कशी राहिली, लेकराची आठवण तरी काढली का, हे त्याला तिच्या तोंडून ऐकायचं होतं, आणि तीच त्याची मोठी फिल्म होणार होती. म्हातारी आता त्याच्याकडेच राहायची. पण कॅमेरा दिसला की ती टोपी घालून ताठ बसायची, “देवाची कृपा आहे,” एवढं बोलायची आणि तोंडाला कुलूप. चार वर्षांत तिच्या नावावर नऊ कॅसेट झाल्या होत्या आणि नऊच्या नऊ शांततेच्या. त्यात डॉक्टरांनी सांगितलं की तिची स्मृती हळूहळू चालली आहे. एकदा चहा पिताना तो म्हणाला, “जगभरची शांतता जमवली मी. आईची तेवढी नकोय.” मी आपली त्याच्यापुढे चकलीची बशी सरकवली.

२००४ च्या शेवटी माझी आई नागपूरहून सहा महिन्यांसाठी आली. इंग्रजीचा गंध नाही, पण आठवड्यात सगळी बिल्डिंग तिला ओळखायला लागली. प्रोड्यूसरचं नाव तिनं ठेवलं ‘शांततावाला’. “काय वं, तो शांततावाला काय ऐकून राहिला भिंतीले कान लावून?” अशा शंका ती मला रोज विचारायची. एक जानेवारीला सकाळी त्यानं आम्हाला सूप प्यायला बोलावलं. त्यांच्याकडे त्या दिवशी घरोघरी लाल भोपळ्याचं सूप करतात. गुलामीच्या काळात ते फक्त मालकांनीच प्यायचं असा नियम होता, म्हणून एक जानेवारीला, हैतीच्या स्वातंत्र्यदिनी, सगळे पितात. स्वयंपाकघरात कॅमेरा तिकाटण्यावर चढवलेला, चालूही झालेला. म्हातारी टोपी घालून ओट्यापाशी उभी. तिनं सुरी उचलली, अख्ख्या भोपळ्यावर धरली, आणि माझी आई किंचाळली, “थांबा, बाई!”

धावत जाऊन तिनं म्हातारीचं मनगटच धरलं. मी शरमेनं अर्धी झाले. “अगं आई, काय करतेस!” “काय करतेस म्हणजे? बाई अख्खं कोहळं फोडते का कधी? घरात एवढा घोड्यासारखा पोरगा उभा आहे. ठेव म्हणा ते यंत्र अन् ये इकडे!” आमच्या नागपूरकडे लाल भोपळ्याला कोहळं म्हणतात, आणि त्याला पहिली सुरी पुरुषानं लावायची, घरच्या मुलानं. मी कसंबसं इंग्रजीत सांगितलं, त्यानं ते त्यांच्या क्रेओल भाषेत सांगितलं, आणि हेडफोन उतरवून मुकाट्यानं पुढे आला. त्यानं आयुष्यात कधी भोपळा कापला नव्हता. सुरी अडकली, भोपळा घरंगळला, बिया बाहीवर उडाल्या. म्हातारी आधी खुदकन हसली. मग माझ्या आईकडे वळून क्रेओलमध्ये जे बोलायला लागली ते थांबेचना. हा सुरी हातात धरून तसाच उभा, आणि डोळ्यांतून घळघळा पाणी.

ती काय म्हणाली ते त्यानं मला नंतर सांगितलं. “मायामीत कोण होतं गं माझा भोपळा कापायला? अकरा वर्षं मीच कापला. एकटीपुरतं सूप करता येत नाही, पातेलंभर व्हायचं. मग दोन ताटल्या मांडायच्या, एक माझी, एक याची. याच्या ताटलीशी बोलत बसायची, शाळेत गेलास का, जेवलास का. मग दोन्ही मीच खायची. अशीच तर जाडी झाले.” माझ्या आईला त्यातलं अक्षर कळलं नव्हतं, पण “हो ना, मग काय तर, पोरांना काय कळते!” असा होकार ती प्रत्येक वाक्याला भरत होती. चाळीस मिनिटं म्हातारी बोलली. आणि जन्मात पहिल्यांदाच आमचा प्रोड्यूसर खोलीची शांतता रेकॉर्ड करायला विसरला.

फिल्म २००६ मध्ये पूर्ण झाली. चित्रात काय, त्याची पाठ, वाकडा भोपळा आणि दोन म्हाताऱ्यांचे हात. लायब्ररीच्या हॉलमध्ये पहिल्या रांगेत तो, त्याची आई आणि मी बसलो होतो. तोवर तिला फारसं कुणी ओळखू येत नव्हतं. पडद्याकडे बोट दाखवून तिनं त्यालाच विचारलं, “हा कोण? किती वाकडं कापतोय.” त्यानं तिचा हात हातात घेतला. “शिकेल तो, मादाम,” म्हणाला. फिल्म संपल्यावर त्या दिवशी खुर्च्या मी आवरल्या, त्याला उठूच दिलं नाही.

पुढच्या वर्षी आम्ही दुसऱ्या राज्यात, मॉरिसव्हिलला आलो, मला कामाची परवानगी मिळून नोकरी लागली, आणि दिवस कसे पळायला लागले कळलंच नाही. म्हातारी गेल्याचं त्याच्या पत्रातून समजलं. २००८ च्या एक जानेवारीला नागपूरहून आईचा फोन आला. पहिला प्रश्न, “शांततावाल्यानं कोहळं फोडलं का?” म्हणून मी त्याला फोन लावला.

“फोडलं,” तो म्हणाला. “सरळ कापता येतं आता.”

“आणि सूप?”

“एकट्यापुरतं होत नाही, मादाम. पातेलंभर झालं.” मग म्हणाला, “दोन ताटल्या मांडल्या. बोललो थोडा वेळ. मग दोन्ही मीच खाल्ल्या.”

मी नुसती ऐकत राहिले. त्याच्या स्वयंपाकघरातला फ्रीज गुरगुरत होता, नळाचं पाणी थेंबथेंब पडत होतं, बाकी काही नाही. मिनिटभर झालं असेल. “मिळाली,” असं तो म्हणेल म्हणून मी फोन कानाला लावून कितीतरी वेळ बसून राहिले.