कॉशनवाले काका

दुखतंय म्हटलं की काका एकच विचारायचे, "बोट की तळवा?" दुखरी जागा एका बोटाने दाखवता आली, तर धावणं बंद. दाखवायला हाताचा सगळा तळवा लागला, तर हळूहळू चालू ठेवायचं.

काका रेल्वेतून निवृत्त झालेले इंजिनीअर, हिंदी मुलखातल्या आमच्या शहरात, विकास नगरमध्ये आमच्याच गल्लीत राहायचे. माझे बाबा चांदी गाळायचं काम करतात, त्यासाठीच महाराष्ट्रातून इकडे आलेले. घरात कॉलेजला जाणारी मी पहिली, आणि मला पोलीस भरतीची धाव पास करायची होती. पहिल्या दिवशी पार्काला तीन फेऱ्या जोरात मारल्या आणि दुसऱ्या दिवशी जिना बसून उतरले. आई म्हणाली, "आपल्याला नाही झेपायचं हे." मलाही तसंच वाटत होतं.

काकांना नाही वाटलं. "नव्या रुळावर पहिल्याच दिवशी फुल स्पीडने गाडी सोडतात का? कॉशन लावतात, बाई. गाडी हळू जाते, रूळ बसतो, मग वेग वाढवायचा." मग एक मिनिट पळायचं, दोन मिनिटं चालायचं आणि चालताना त्यांच्याशी बोलायचं. धापा टाकत मी हिंदीत उत्तर दिलं की म्हणायचे, "मराठीपुरताही श्वास उरला नाही? अजून हळू!" पार्कातली मुलं विचारायची, "अंकल, ये दौड़ रही है या टहल रही है?" काका शांतपणे म्हणायचे, "लेट सही, पहुँचेगी." महिन्याभरात पायांचं ठणकणं खरंच कमी झालं.

भरतीला दोन महिने उरले आणि डाव्या नडगीत एकाच जागी दुखू लागलं. मी "तळवा" म्हणून खोटं सांगितलं. पण काकांनी मला पायरी उतरताना पाहिलं होतं.

"काका, अब रुकूँगी तो गया सब!" मी रडायलाच लागले.

"आज पळलीस तर जाईल. चल डॉक्टरकडे."

डॉक्टरांनी तीन आठवडे विश्रांती सांगितली. तरी काका रोज सकाळी हाक मारायचे आणि पार्कातल्या बाकावर शेजारी बसवायचे. "उठायची सवय मोडायची नाही," म्हणायचे. पाय बरा झाल्यावर पुन्हा एक मिनिट, दोन मिनिटं.

भरतीच्या आधीच ते मुलीकडे नागपूरला राहायला गेले. मैदानात मी वेळेच्या आत पोचले आणि पहिला फोन त्यांना केला.

"काका, पास!"

"शाब्बास! आईला सांगितलंस?"

"अजून नाही."

"मग माझ्याशी काय बोलतेस? ठेव फोन!"

आणि त्यांनी ठेवलाच. आठवडाभर मनात घोकलेलं आभाराचं वाक्य तसंच राहिलं. मी आईचा नंबर लावला.