गोळी काढणारे ढोले सर

ढोले सर पयल्यांदा आमच्या तांड्यावर आले तव्हा मी अंगणात तुरीच्या शेंगा सोलत बसली होती. पायात बूट, बुटाले काळी माती, खांद्याले झोला. मले वाटलं, इम्यावाले आले.

मी म्हणलं, "इमा नाही पाह्यजे जी."

ते म्हणाले, "विमा नाही, बाई. तुमचे यजमान फुलसिंग राठोड कसे गेले, ते विचाराले आलो."

असं कोणी तोंडावर इचारते का? लोक आंधी पानी मागतात, पिकाचं इचारतात, मंग गोलगोल फिरून येतात. पण खरं सांगतो, एवढ्या वर्षांत कोणी मले ते इचारलंच नव्हतं. सांगतच सारे होते. इचारणारे ढोले सर पयले. म्हणून त्यायच्या पंचाहत्तरीच्या या पुस्तकात लिहाले मी लगेच हो म्हणलं.

ज्यायले माहीत नाही त्यायच्यासाठी सांगतो. दिनकरराव ढोले सर नेरच्या कॉलेजात इतिहास शिकवत. रिटायर झाले तं माणूस घरी बसते, नातवाले फिरवते. सरांनी टीव्हीवाल्यायचं काम धरलं. लढाईच्या खऱ्या फिलमा बनवतात ना, त्यायची गोष्ट शूटिंगच्या आंधी सरांकडे येते. त्यातलं खरं काय अन् खोटं काय, ते सर सांगतात. एका फिलमीत या लढाईतल्या रणगाड्याच्या जागी दुसऱ्याच लढाईतला रणगाडा दाखवला होता, तं सर दोन दिवस जेवले नाही, असं त्यायच्या मॅडम सांगतात. मॅडम तं असंबी सांगतात की सर त्यायले पाहाले आले तव्हा पोहे खाता खाता इचारलं, "हे तुम्ही केले का? करतानी कोणी पाह्यलं?" पोहे मॅडमच्या काकूनं केले होते. तरी लग्न झालं. मॅडम खरं बोलल्या म्हणून झालं, असं सर म्हणतात.

आमचे हे फौजेत टरक चालवत. कारगिलच्या लढाईत गेले. साहेब लोक आले, सासऱ्यासंगं हिंदीत बोलले, आम्ही बाया आतमधी होतो. सासरे आत आले अन् म्हणाले, "पोरगा ड्युटीवर गेला." त्याच्यापुढं त्यायनं त्या गोष्टीवर तोंड उघडलं नाही, अन् तसेच गेले. मी काय इचारू अन् कोणाले इचारू?

मंग तांड्यानं आपल्या मनानं सांगाले सुरुवात केली. होळीले आमच्याकडं लेंगी गातात, फेर धरून नाचाची गाणी. माह्या नणंदबाई, जमनाबाई, लेंगी रचण्यात एक नंबर. त्यायनं भावावर लेंगी रचली. पयल्या होळीले छातीत एक गोळी होती. दुसऱ्या होळीले तीन झाल्या. मंग आमचे हे झेंडा घेऊन पहाडावर चढाले लागले. शेतातल्या जागलीच्या माचीवर चढलं तरी ज्यायले चक्कर ये, ते पहाडावर! पण गाणं गोड होतं. मीबी फेरात नाचली. गोळी खरी का खोटी, मले तरी कुठं माहीत होतं?

मंग एका होळीले टीव्हीवाले आले. मुंबईचा एक पोरगेला डायरेक्टर होता, मोठा गोड बोले. त्यानं लेंगी रेकॉर्ड केली, जमनाबाईले नमस्कार केला अन् फिलमीची गोष्ट लिहून टाकली. गावकऱ्यायच्या आठवणी, असं त्यानं त्याले नाव देलं. ती गोष्ट तपासाले सरांकडे आली. सर वाचून उठले, बूट घातले अन् एस.टी.नं आमच्याकडं आले.

सरांची काम कराची एकच रीत हाय. कोणी काही सांगतलं का इचारतात, "पाह्यलं का आयकलं?" त्या दिवशी त्यायनं साऱ्या तांड्याले इचारलं. तांड्याच्या मुखियाले, म्हंजे नायकाले इचारलं, म्हाताऱ्यायले इचारलं, जमनाबाईले इचारलं.

"गोळी लागली हे पाह्यलं का आयकलं?"

नायक म्हणाले, "आयकलं."

"कोणाकडून?"

"जमनाबाईकडून."

"जमनाबाई, तुम्ही?"

जमनाबाई कमरेवर हात ठेवून म्हणाल्या, "आता लेंगीत गोळी नसली तं ठेका कशावर धराचा जी?"

सर हासले नाही. झोल्यातून पेन काढलं अन् फिलमीच्या कागदावरची गोळी खोडली. मंग माह्याकडं आले. म्हणाले, "बाई, गोळी कोणी पाह्यली नाही एवढं कळलं. काय झालं ते अजून कळलं नाही. मी शोधतो. पण जे निघीन ते तुम्हाले आयका लागीन. चालीन?"

मी म्हणलं, "सर, मी जेवढं नाही आयकलं तेवढ्यानंच थकली. आना."

मंग सरांनी जे केलं त्याची मले मोठी मौज वाटते. अमरावतीचे रिटायर फौजी, त्यायच्या ओळखीचे फौजी, त्यायच्या पलटणीतले फौजी, असे एकाकडून दुसऱ्याकडं फोन करत गेले. मॅडम म्हणत, "माझ्या माहेरी कधी एवढे फोन नाही केले." मधेमधे मले फोन करून सांगत, "अजून नाही सापडले." काही नाही सापडलं हे सांगाले फोन करणारा माणूस मी दुसरा नाही पाह्यला. पाह्यला नाही बरं, आयकलाबी नाही.

एका दुपारी सर आले, माह्या खाटेवर बसले अन् मोबाईल माह्या तोंडासमोर धरला. त्यात एक म्हातारे, पांढऱ्या मिशा, मागं म्हैस. हरयाणाचे बलबीरसिंग. आमच्या ह्यायच्या मागचा टरक त्यायचा होता.

"भाभीजी, राम राम."

मी पदर सावरला. मी काही बोलाच्या आंधी सर मधीच म्हणाले, "बलबीरसिंगजी, देखा या सुना?"

"देखा, मास्टरजी. मेरी गाड़ी ठीक पीछे थी."

रस्ता अरुंद होता, एका बाजूले पहाड अन् दुसऱ्या बाजूले दरी. तोफांचे गोळे पडून राह्यले होते. समोरून जखमी जवानायची ॲम्बुलन्स आली. एकच गाडी जाईन एवढी जागा. आमच्या ह्यायनं टरक दरीच्या बाजूले दाबला अन् हात काढून ॲम्बुलन्सले म्हणलं, जा. ॲम्बुलन्स गेली. मंग कडेची माती खचली.

बलबीरसिंग म्हणाले, "एम्बुलेंस निकल गई, भाभीजी. ये मैंने देखा. अस्पताल भी पहुँच गई. वो सुना."

मी इचारलं, "गाडी में क्या था?"

"आलू, भाभीजी. आलू और मिट्टी का तेल." अन् ते म्हातारे हासता हासता रडाले लागले, मीबी तशीच.

सर मात्र उठून उभे झाले. त्यायनं टीव्हीवाल्यायले आंधीच लिहून देलं होतं की टरकात दारूगोळा होता. दोघा फौज्यायनं तसं सांगतलं होतं. माह्याच खाटेजवळून त्यायनं डायरेक्टरले फोन लावला. "दारूगोळा लिहिला ती माझी चूक. मी ऐकलेलं पाहिलेलं समजलो. आलू लिहा." एवढे मोठे सर, पण तांड्याच्या आंगणात, शेळ्यायच्या समोर, आपली चूक आपल्या तोंडानं सांगतली. असे लोक म्या थोडे पाह्यले.

आता खरी लढाई लागली, अन् ती तांड्यातच. नायकाच्या ओट्यावर सारे जमले. जमनाबाई तणतणत आल्या.

"एवढ्या होळ्या आम्ही त्या गोळीवर नाचलो. अन् तुम्ही एका फोननं माह्या भावाची गोळी काढून घेता?"

नायक म्हणाले, "सर, गोळीनं गेला तं शहीद. दरीत पडला तं उद्या लोक म्हणतीन, ॲक्सिडेंट झाला. शाळेच्या गेटवर नाव हाय त्याचं. ते नाव हलकं होईन."

सर म्हणाले, "नायक, फुलसिंग लढाईतच गेले, लढाईचंच काम करतानी गेले. पण ज्या माणसानं रस्ता देला, त्याच्या हातात तुम्ही बंदूक देली तं रस्ता कोणी देला हे कोणालेच कळणार नाही."

मी उभी झाली. म्हणलं, "तांड्यातल्या लोकहो, आपले आजे-पणजे काय करत? बैलायवर मीठ लादून मुलुखभर फिरत, फौजायले दाना पुरवत. लदेणी म्हणत त्याले. त्यायच्या नातवानं फौजेले आलू नेले. यात हलकं काय झालं? मले माहा नवरा त्याच्या टरकासगट पाह्यजे. गोळीवाला माणूस कोण हाय, मी त्याले ओळखत नाही."

जमनाबाई म्हणाल्या, "अवं भाभी, पण आलू लेंगीत बसत नाही ना वं!"

तिकडं फोनवर डायरेक्टर ऐकेना. सरांले म्हणे, "सर, बटाटे कोण बघणार? लोक चॅनेल बदलतात."

सर म्हणाले, "बदलू द्या. गोळी ठेवाची असन तर फुलसिंग राठोड हे नाव काढा, अन् खाली लिहा, गोष्ट रचलेली आहे."

"नाव नाही काढता येणार. तुम्ही फक्त त्यांचा फोटो पाठवा."

मी बाजूलेच बसून आयकत होती, सरांच्या हातातून फोन घेतला. "बेटा, फोटो माह्याजवळ हाय. टरकाच्या बोनेटवर हात ठेवून उभे हायेत. फौजेतला एकच फोटो हाय. गोळी असन तं फोटो नाही. मी मेल्यावरबी नाही."

सर माह्याकडं पाहून राह्यले होते. मंग आठ दिवसांनी डायरेक्टरचा फोन आला, "आजी, ट्रकच दाखवतो."

फिलम लागली तव्हा सारा तांडा शाळेत जमला. सरांले चॅनेलवाल्यायनं मुंबईले बोलावलं होतं, मोठा कार्यक्रम होता म्हणे. सर गेले नाही. ते आमच्यात, सतरंजीवर बसले, माह्या बाजूले जागा सोडून. पडद्यावर अरुंद रस्ता आला, टरक आला, पोत्यायमधले आलू आले. कोणीबी उठून गेलं नाही. बलबीरसिंग बोलाले लागले, "मैंने देखा," तं नायकानं डोक्यावरची पगडी काढून मांडीवर ठेवली. अन् शेवटी फोटो आला. बोनेटवर हात ठेवलेले आमचे हे. मी पाह्यलं. त्यायचा शर्ट एका बाजूनं बाहेर निघाला होता, तो टीव्हीवाल्यायनं नीट नव्हता केला. सरांनी तशीच ताकीद देली होती म्हणतात.

या होळीले जमनाबाईनं नवी लेंगी काढली. त्यात टरक हाय, दरी हाय, हात काढून रस्ता देणारा भाऊ हाय. गोळी नाही. गाणं झाल्यावर सरांसमोर जाऊन उभ्या झाल्या अन् म्हणाल्या, "घ्या सर, आलू बसवला. आता मले इचारू नका पाह्यलं का आयकलं." सरांनी हात जोडले. ते फेरातबी उतरले. नाचता त्यायले येत नाही. हे आयकलेलं नाही, पाह्यलेलं हाय.

ढोले सर, तुमच्या पंचाहत्तरीले सारे म्हणतीन, शंभर वर्षं जगा. तुम्ही त्यायलेबी इचारसान, "कोणी पाह्यलं?" म्हणून मी तसं म्हणत नाही. तुमची तब्येत धड राहो, मॅडमच्या हातचे पोहे रोज मिळो, अन् या लढाया टीव्हीवर जशा झाल्या तशाच दाखवाले तुमचं पेन चालत राहो. शंभरीच्या दिवशी मी नेरले येईन, तुमच्या ओट्यावर बसीन अन् डोळे भरून पाहीन. त्याच्यासाठी मले बी तेवढं जगा लागीन. ठरवलं हाय मी. गोष्ट पाह्यलेलीच सांगाची, हे तुम्हीच शिकवलं ना जी.